किती मार्काला आहे, सर?

सोलापूरला गणित येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने मंगळवार बाजारात जाऊन एकदा भाव करून दाखवावा. हे गाव मुळात हिशेबावर चालतं. एकादशी किती वाजता लागते आणि ग्रहण कधी सुटतं हे साऱ्या महाराष्ट्राला मिनिटासकट सांगणारं दाते पंचांग इथूनच निघतं. म्हणजे चंद्रसूर्यांचं वेळापत्रकसुद्धा आमच्याकडे तपासून मग छापायला जातं. पूर्व भागातला विणकर जेकार्डवर चादरीत मोर उमटवतो तेव्हा कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, याचा हिशेब हजारो वेळा बिनचूक करायचा असतो. एक चुकला की मोराचा कोंबडा होतो. आणि बिड्या वळणारी आजी! शाळेचं तोंड तिने फक्त नातवाला सोडताना पाहिलेलं. पण हजार बिड्यांमागे मजुरी किती, त्यात छाट किती गेली, पानं कमी भरली म्हणून पदरचे किती घातले, हे सगळं ती कारखान्याच्या दारातून घरी पोचेपर्यंत तोंडी मांडते. मुनीम चुकला असेल तर दुसऱ्या दिवशी चार बायकांसमोर त्याची फुकट शिकवणी घेते.

अशा आजीचा नातू दहावीच्या सराव परीक्षेत गणितात बत्तिसावर अडकतो. याचं मला पुष्कळ दिवस कोडं होतं. माझा भाचा यंदा दहावीला असल्यामुळे ते सुटलं. पोरांना गणित येत नाही ही निव्वळ अफवा आहे. आपल्या माध्यमिक शाळांत गणित फार चांगलं शिकवलं जातं, पोरंही ते मन लावून शिकतात. फक्त ते गणित पुस्तकातलं नसतं. गुणांचं असतं.

या शिक्षणाचा पाया आठवीपर्यंत घातला जातो. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. (आता पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आली आहे, पण सवय जायला वेळ लागतो.) त्याबरोबर आकारिक मूल्यमापन आलं, संकलित मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. मराठी गद्याचा एवढा मोठा प्रकार रोज लिहिला जात असताना एकाही समीक्षकाचं तिकडे लक्ष जाऊ नये, याचं मला नवल वाटतं. प्रत्येक मुलाविषयी प्रत्येक विषयात शिक्षकाने दोनतीन वाक्यं लिहायची. वाईट लिहायचं नाही. पन्नास-साठ मुलं, आठ विषय. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळू लागली. त्यातली वाक्यं आलटून पालटून उतरवायची. 'गणिती कृतीत आनंदाने सहभागी होतो' म्हणजे तासाला दंगा करतो. 'संख्यांची तुलना करतो' म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. 'उदाहरणे सोडवताना मित्रांचे सहकार्य घेतो' याचा अर्थ मी सांगायला नको. सातवीत भाच्याच्या प्रगतिपुस्तकात 'गणितातील सूत्रे समजून घेतो' असं लिहून आलं होतं. आठवीत मजल 'सूत्रांचा दैनंदिन जीवनात वापर करतो' इथपर्यंत गेली. घरात त्याला सूत्र वापरताना कुणीच पाहिलं नव्हतं. आम्ही समजलो, बाहेर वापरत असेल.

नववीत गणिताचे नवे सर वर्गात आले आणि त्यांनी पहिल्याच बाकावर बोट ठेवून सांगितलं, "बेचा पाढा म्हण बे." (दोन्ही 'बे' निराळे आहेत. बाहेरगावच्या वाचकांनी दुसऱ्याचा राग मानू नये, सोलापुरात तो मायेने म्हणतात.) पोरगा सोळापर्यंत गेला आणि थांबला. आठ वर्षं आनंदाने सहभागी झालेलं पोर सरांकडे बघत राहिलं आणि सर त्याच्याकडे.

आमच्या वेळचं निराळं होतं असं म्हणायची एक पद्धत आहे, ती मी पाळतो. आमच्या वेळी दहावीचं गणित दीडशे गुणांचं असे, बीजगणित ७५ आणि भूमिती ७५. नापास व्हायला जागा ऐसपैस होती. घरातले म्हातारे मुलगा पुढे दिसला की दिडकी विचारत, अडीचकी विचारत, आणि तो अडखळला की समाधानाने पान लावत. पुढे मंडळाने कच्च्या मुलांसाठी सामान्य गणित काढून पाहिलं, नंतर ते बंद केलं. २०१० साली 'बेस्ट फाइव्ह' आलं. सहापैकी चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे, म्हणजे सरळ मराठीत, गणित धरायचं नाही. टक्केवारी हा गणिताचा भाग असूनही ती गणिताशिवाय काढता येते, हा शोध त्या वर्षी लागला.

आताची रचना अशी. गणित भाग एक म्हणजे बीजगणित, ४० गुण, दोन तास. भाग दोन भूमिती, तेवढेच गुण, तेवढाच वेळ. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, ते शाळेने द्यायचे. या रचनेचं खरं सौंदर्य मला पालक सभेत कळलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही पोरांच्याच बाकांवर गुडघे अडकवून बसलो होतो. फळ्यावर आदल्या तासाचा त्रिकोण अर्धवट पुसलेला. सर उभे राहिले, खडू घेतला आणि भाषणबिषण न करता थेट मुद्द्यावर आले.

"पालकहो, पास व्हायला किती लागतात?"

"पस्तीस," सगळे एका सुरात.

"शाळेच्या हातात किती?"

"वीस."

"ते आम्ही बघून घेतो. पोरगं फक्त शाळेत दिसलं पाहिजे. पस्तिसातून वीस गेले?"

"पंधरा!" मागच्या बाकावरून एक रिक्षावाले गृहस्थ सगळ्यांच्या आधी ओरडले. पोरगा त्यांच्याशेजारी मान खाली घालून बसला होता. बापाला गणित येतं हे त्याला नवीन असावं.

"पंधरा. पेपर दोन. म्हणजे एका पेपरात?"

"साडेसात."

"चाळिसातले साडेसात," सर म्हणाले आणि फळ्यावर साडेसाताभोवती गोल काढला. एवढा सुबक गोल त्यांनी भूमितीच्या तासाला काढला असेल की नाही, शंका आहे.

पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी पदर सावरत विचारलं, "ते साडेसात कुठनं आणायचे तेवढं सांगा, सर."

मग सरांनी जे सांगितलं ते कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. पहिल्या प्रश्नाचा 'अ' भाग म्हणजे चार पर्यायी प्रश्न, चार गुण. काहीच येत नसेल तर चारही ठिकाणी एकच अक्षर लिहायचं. पर्याय चार, प्रश्न चार, एक तरी लागायला हरकत नाही. गंमत अशी की पाचवा धडा संभाव्यतेचा आहे. तो शिकताना नाणी उडवली, फासे टाकले, पत्ते पिसले, तरी पोरांच्या टाळक्यात शिरला नव्हता. इथे एका वाक्यात शिरला. बाकावर बसल्या बसल्या भाच्याने मला हळूच सांगितलं, "मामा, एक लागंलच असं नाय. एकसुद्धा न लागायची शक्यता तीसएक टक्के राहते." मी नंतर घरी येऊन मांडत बसलो. चार पाऊण एकमेकांना गुणले की खरंच ०.३२ च्या जवळपास येतं. हे उत्तर त्याला चाचणीत काढता आलं नव्हतं. तिथे प्रश्न पत्त्यांचा होता, इथे त्याच्या स्वतःच्या पासाचा.

मग आल्या 'कृती'. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात 'पुढील कृती पूर्ण करा' असं असतं. उदाहरण सोडवायचं नसतं. ते कुणीतरी आधीच सोडवलेलं असतं, आणि जाता जाता मधल्या काही जागी रिकाम्या चौकटी ठेवलेल्या असतात. ज्याने उदाहरण एवढं सोडवलं त्याने चौकटी तरी का सोडल्या, हे विचारायचं नाही. ही कल्पना चांगली आहे, असं तज्ज्ञ म्हणतात. पोराला पूर्ण उत्तर जमत नसलं तरी विचाराची वाट दिसावी. पोराला वाट दिसते, पण मागून. वरच्या ओळीत २५ आहे, खालच्या ओळीत ५ आहे, म्हणजे मधल्या चौकटीत वर्गमूळ किंवा पाचने भागाकार, दोन्हींपैकी काही लिहिलं तरी जुळतं. चौकटीला चिकटून कोण बसलंय ते बघायचं. "चौकट मोकळी सोडू नका," सरांनी बजावलं. "मोकळ्या चौकटीला तपासणारा काही देऊ शकत नाही. भरलेली असली तर निदान विचारात पडतो."

आणि सूत्र! उदाहरण येवो न येवो, सूत्र लिहायचं. सूत्राला अर्धा गुण. मग किमती भरायच्या, त्याला आणखी काही. पुढे काहीही होवो. या शिकवणीचा परिणाम भाच्याच्या वहीत मला बघायला मिळाला. वर्गसमीकरणाचं सूत्र त्याने इतकं कोरून लिहिलं होतं की वरच्या वर्गमुळाच्या छपराला त्याने सावलीसुद्धा दिली होती. किमती बरोबर भरल्या होत्या. त्यापुढे त्याने ओळ सोडली होती आणि पुढचं उदाहरण सुरू केलं होतं. मी विचारलं, "आणि उत्तर?"

"उत्तराला अर्धाच आहे, मामा. तेवढ्या वेळात दुसऱ्याचं सूत्र होतं."

पेपर दोन तासांचा, गुण चाळीस. एका गुणाला तीन मिनिटं. हा भाव एकदा कळला की माणूस कुठल्याही प्रश्नाकडे त्याच नजरेने बघतो. हे पोर पुढे उत्तम व्यापारी होणार याबद्दल मला शंका राहिलेली नाही.

भूमितीचं दुःख वेगळं आहे आणि ते गल्लीला ऐकू जातं. माझी पुतणी मराठी माध्यमातून शिकली. त्रिकोणांच्या समरूपतेच्या कसोट्या ती पहाटे गच्चीत फेऱ्या मारत पाठ करायची: कोको, बाकोबा, बाबाबा. 'को' म्हणजे कोन, 'बा' म्हणजे बाजू, असा त्यांचा अर्थ. शेजारच्या आजोबांनी तिसऱ्या दिवशी काळजीने चौकशी केली की पोरीला बोलताना अडखळायला कधीपासून होतंय. भाचा सेमी इंग्रजीत आहे. म्हणजे शाळा मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. त्यामुळे तो गच्चीत 'एसएएस टेस्ट' म्हणतो आणि आजोबा निवांत झोपतात.

सेमी इंग्रजी म्हणजे काय हे कळायला वर्गाच्या खिडकीशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. आमच्या भागातल्या पोराच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, मैदानावर सोलापुरी, आणि पुस्तकात इंग्रजी. सर या सगळ्यांना एका दोरीत ओवतात. "हे ट्रँगल बघा. हे त्या ट्रँगलला सिमिलर हाय. का हाय? हा अँगल त्या अँगलशी इक्वल. कशावरनं? अरे, पॅरलल लाइना नाहीत का बे! मग ह्याच्यावरनं आपण काय सिद्ध केलं?" वर्ग म्हणतो, "हेन्स प्रूव्हड." काय सिद्ध झालं हे विचारायची पद्धत नाही. सिद्ध झालं यात आनंद आहे. सिद्धता पाठच असते, पक्ष आणि साध्यासकट, आकृतीतल्या अक्षरांसकट. पेपरात त्रिकोणाची अक्षरं बदलली की तो त्रिकोण परका होतो. पुस्तकातला ओळखीचा, नात्यातला. हा कुठला कोण, विचारून घ्यावा लागतो.

एका धड्याबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. तो म्हणजे अर्थनियोजन. वस्तू व सेवा कर देशात १ जुलै २०१७ ला आला आणि २०१८ च्या दहावीच्या नव्या पुस्तकात तो धडा होऊन बसलासुद्धा. शासकीय कामात एवढी तत्परता मी अन्यत्र पाहिलेली नाही. त्यात शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहेत, करबीजक कसं वाचायचं ते आहे. केंद्राचा कर निम्मा, राज्याचा निम्मा, हे भाच्याला तोंडपाठ आहे. दिवाळीआधी आम्ही त्याला घेऊन चादरी घ्यायला गेलो. दुकानदाराने घड्या उलगडल्या, भाव सांगितला, आणि मग सवयीने विचारलं, "बिल लागतंय का?" भाचा माझ्याकडे बघायला लागला. पुस्तकात असा पर्याय नव्हता. मी म्हटलं, लागतंय. त्यावर आलेली किंमत त्याने दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरच्या आधी सांगितली, पैशांसकट. दुकानदाराने त्याला शाबासकी दिली, पण चेहऱ्याने दिली नाही.

या सगळ्यात सरांना दोष द्यावा असं काही पालकांना वाटतं. मला वाटत नाही. गणिताच्या माणसाला शाळेत कुणी गणित शिकवू देत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. पोषण आहाराचा हिशेब कुणी ठेवायचा? "सर, तुम्ही गणिताचे ना?" पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, आजची हजेरी गुणिले ते, वजा शिल्लक. हे त्रैराशिक सर रोज सोडवतात आणि त्याला अर्धाही गुण नाही. निकालपत्रक, शिष्यवृत्तीचे फॉर्म, ऑनलाइन भरायची माहिती, निवडणुकीच्या याद्या, सगळीकडे तेच वाक्य. २२ डिसेंबरला रामानुजनच्या जयंतीचा राष्ट्रीय गणित दिवस असतो. त्या दिवशी तरी गणित होईल असं वाटलं होतं. त्या दिवशी रांगोळी असते. पायथागोरसच्या प्रमेयाची रांगोळी काढून त्यात हळदकुंकू भरतात, समोर नारळ फोडतात, फोटो काढून वरिष्ठ कार्यालयाला पाठवतात. पायथागोरस ग्रीक होता म्हणतात. आता त्याला सोलापूरकर मानायला हरकत नाही.

आमच्या जिल्ह्यात शिक्षणाला काय कमी आहे, असंही कुणी म्हणू नये. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाला. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकलं. पाठ्यपुस्तकात छापलेले क्यूआर कोड हा त्यांनी आपल्या शाळेत आधी करून दाखवलेला प्रयोग. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक पुस्तकावर तो चौकोन असतो. भाचाही अभ्यासासाठी मोबाइल मागतो, चौकोन स्कॅन करतो, आणि धड्याचा व्हिडिओ चालू होईपर्यंत दुसरीकडे काय चाललंय ते बघून येतो. पाऊण तासाने परत येतो. यात गुरुजींची काही चूक नाही.

आणि आकड्यांचं म्हणाल तर महाराष्ट्र त्यावर भांडतोसुद्धा फार जिव्हाळ्याने. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस' बरोबर 'वीस पाच' असं वाचायची सोय आली. जोडाक्षरांनी पोरं दचकू नयेत म्हणून मंगला नारळीकरांच्या समितीने सुचवलेली. पुढचे काही दिवस विधानसभेत पेरण्या, पाणी, कर्ज बाजूला राहून 'फडणवीस'चं 'फडण दोन शून्य' करायचं का यावर खल झाला. गणितावर एवढी उत्कट चर्चा त्या सभागृहात पूर्वी झाली असेल असं वाटत नाही. दुसरीतल्या पोरांनी मात्र दोन्ही पद्धतींनी गप्प राहणं पसंत केलं.

परीक्षेचं वर्णन थोडक्यात करतो, कारण ते सगळ्या घरांत सारखंच असतं. फेब्रुवारी संपत आलेला असतो आणि सोलापूरचं ऊन मार्चची वाट बघत नाही. केंद्राबाहेर आईबाप झाडाची सावली वाटून घेतात. आत बैठं पथक बसलेलं, बाहेर भरारी पथक फिरणारं, गेटावर कॉपीमुक्त अभियानाचा फलक. पूर्वी पेपर वाचायला आधी दहा मिनिटं मिळत. ती आता शेवटी मिळतात. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर सव्वातीनहून जरा जास्त गुणांचा बोनस. भूमितीचा पेपर सुटला की फाटकातून बाहेर येणाऱ्या पोरांचे चेहरे बघून आईबाप निकाल लावतात आणि तो बहुधा मंडळाच्या निकालाशी जुळतो.

निकालाच्या दिवशी आपलं खरं गणितप्रेम उफाळून येतं. २०२५ चा दहावीचा निकाल राज्यात ९४.१० टक्के लागला. २११ जणांना शंभरपैकी शंभर टक्के. भाषेत पैकीच्या पैकी कसे पडतात असं माझ्यासारख्या जुन्या माणसाला वाटतं, पण क्रीडा, चित्रकला, लोककला यांचे वाढीव गुण असतात आणि वर बेस्ट फाइव्ह. त्याच निकालात २८५ जणांना बरोबर ३५ टक्के पडले. या २८५ जणांबद्दल मला जास्त आदर आहे. शंभर टक्के मिळवायचे म्हणजे सगळं लिहीत सुटायचं, थांबायचं कुठे हे कळायची गरज नाही. पस्तिसाला नेमकं थांबणं याला अंदाज लागतो. गल्लीत मिरवणूकही त्यांचीच निघते, गुलाल त्यांनाच लागतो, आणि ते योग्य आहे.

आता एक नवी गोष्ट येऊ घातली आहे. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात असं सुचवलं आहे की गणितात किंवा विज्ञानात ३५ मिळाले नाहीत, पण निदान २० मिळाले, तरी मुलाला अकरावीला जाऊ द्यावं. गुणपत्रकावर शेरा मारायचा, की याने पुढे गणित-विज्ञानाच्या वाटेला जायचं नाही. बातमी आली तेव्हा मोठा गलका झाला. मंडळाने खुलासा केला की हे आत्ता नाही, नवा अभ्यासक्रम येईल तेव्हा. रात्री जेवताना मेहुण्यांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना वाटलं पोराला धीर येईल. पोराने भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवला, तोंडात घातला आणि हात न थांबवता म्हणाला, "म्हणजे शाळेचे वीस मिळाले की पेपरला नुसतं जाऊन बसायचं. शून्य पडले तरी चालतंय. पण आमच्या बॅचला नाही ना? मग कशाला वाचता, पप्पा?" आराखडा तयार करणाऱ्या तज्ज्ञांपैकी कुणी ही वजाबाकी केली होती की नाही, मला माहीत नाही. भाच्याला अर्धा घास लागला.

त्याच रात्री मी त्याला कापरेकर सांगून बघितले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनला असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलेले, पण मोठी पदवी नसलेले, १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तर. रेल्वे स्टेशनवर काही संख्या सुचल्या तर त्यांना स्टेशनाचंच नाव देऊन मोकळे होणारे. इथल्या विद्वानांनी त्यांना पोरखेळ करणारा म्हटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. त्यांचा खेळ साधा. चार आकडी संख्या घ्या. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. मी सोलापूरचा एसटीडी कोड घेतला, ०२१७. वीजबिलाच्या पाठीमागे मांडलं. ७२१० वजा ०१२७, ७०८३. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४ च येतं.

भाच्याने सगळं शांतपणे पाहिलं. मग विचारलं, "किती मार्काला आहे?"

"सिलॅबसमध्येच नाही."

"म्हणजे येणारच नाही पेपरात?"

"नाही."

तो उठून गेला. मला वाटलं संपलं. पाच मिनिटांनी खालून हाक आली. तो पार्किंगमध्ये उभा होता, बिल आणि पेन घेऊन, एमएच १३ च्या एकेक गाडीचे चार आकडे उतरवत. माझी स्कूटर ६१७४ ला पोचली. शेजारच्या आजोबांची लूनाही पोचली. रिक्षा पोचली, दूधवाल्याची मोटारसायकल पोचली. तो एखादी न पोचणारी गाडी शोधत होता, आणि ती त्याला गल्लीच्या तोंडाशी सापडली. आमच्या भागातल्या एका भाऊंची पांढरी मोठी गाडी. नंबर ७७७७, तोही खास पैसे मोजून घेतलेला. सरळ मांडला तरी ७७७७, उलटा मांडला तरी ७७७७. वजाबाकी शून्य.

"मामा," तो हळूच म्हणाला, "भाऊंना कोण सांगणार?"

वाचकांनी आपापल्या गाडीचा नंबर करून पाहावा. चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं, आणि नंबर तीनच आकडी असेल तर पुढे शून्य लावून घ्यावं. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. गुण नाहीत.